विषाणू दोघांचा, बोल एकटीला

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला की आमच्या मंगळवेढ्यात ऐकू येते, ‘बाईनंच स्वच्छता पाळली नाही.’ मला संताप येतो. मुळाशी बहुतेकदा एचपीव्ही हा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो, पुरुषाला बहुधा पत्ताही नसतो. झडती मात्र तिची!

आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या उस्मानाबादेत (आजचे धाराशिव) अभ्यास झाला. एचपीव्ही तपासणी एकदाच मिळालेल्या गटात ३४ बायका या कॅन्सरने गेल्या. नेहमीच्या सोयींवर सोडलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. हे २००९ साली छापून आले. त्या ६४ जणींचे मरण नुसते कागदावर ठेवणार का?

तिशीनंतर प्रत्येकीला तालुक्यातच ही तपासणी मोफत द्या. आणि शिबिर ज्वारीच्या काढणीत ठेवू नका, बायका तेव्हा रानात असतात.