लोप पावलेलें खातें

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं धावीर महाराजांची पालखी रोह्यांत फिरूं लागली, म्हणजे पोटासाठीं मुंबईस गेलेले आमचे जुने विद्यार्थी एकेक करून आमच्या ओटीवर येतात. २०२५ च्या दसऱ्यास आलेल्या एकानें पेढ्यांचा पुडा पुढें ठेविला. "गुरुजी, वरळीच्या नव्या घराची किल्ली मिळाली. बी. डी. डी. चाळ सुटली!" त्याच्या धाकट्या मुलीनें लगेच विचारलें, "बाबा, बी. डी. डी. म्हणजे काय हो?" बाप निरुत्तर झाला. ज्या तीन अक्षरांखालीं तीन पिढ्यांनीं संसार केला, त्यांचा अर्थ घरांत कोणासच ठाऊक नव्हता!

वाचकहो, तीं अक्षरें एका मोडलेल्या सरकारी खात्याचीं आहेत. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत गिरणी-कामगारांस राहावयास जागा उरली नाहीं, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० मध्यें 'बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' म्हणजे विकासखातें स्थापिलें. सर लॉलेस हेपर हे त्याचे प्रमुख झाले. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणें, आणि कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधणें, हीं त्याचीं मुख्य कामें. घरांच्या खर्चासाठीं कापसाच्या गाठीमागें १ रुपया जकात बसली.

संकल्प थोर, सिद्धि मात्र थिटी. समुद्रांत टाकलेला गाळ भिंतींतून पुनः समुद्रांतच जाऊं लागला. वकील खुर्शेद नरिमन यांनीं त्या कारभारावर कोरडे ओढले. त्यांजवर अब्रूनुकसानीचा खटला झाला, व १९२८ मध्यें ते निर्दोष सुटले. आठ खंडांपैकीं चारच भरले गेले. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या; खोल्या सुमारें १६,०००, प्रत्येक १६० चौरस फुटांची. आरंभीं त्यांतील कित्येक रिकाम्याच पडल्या, आणि कायदेभंगाच्या काळांत वरळीच्या चाळींचा सत्याग्रह्यांसाठीं तुरुंगही झाला. खातें लवकरच मोडलें. चाळी मात्र राहिल्या, आणि पुढें त्यांची निगा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पदरीं पडली.

व्याकरणांत क्विप् नांवाचा एक प्रत्यय आहे. तो लागतो आणि समूळ लोप पावतो. परंतु त्याचें कार्य शब्दावर घडलेलेंच असतें. सरकारी खात्याचेंही तसेंच आहे. खुर्च्या उचलल्या, फलक उतरला, म्हणून त्यानें घडविलेलें कार्य नाहींसें होत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष निवर्तला, तर त्यानें घेतलेलें ऋण आणि दिलेला शब्द मागच्यांनीं आपला मानावा, अशी रीत आहे. ही रीत राज्यकर्त्यांसही लागू असावी. त्या चाळींच्या नव्या बांधणीचें भूमिपूजन २०१७ मध्यें झालें, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. ऋण फिटूं लागलें खरें. परंतु मधल्या काळांत किती पिढ्या एका खोलींत जन्मल्या, वाढल्या आणि त्याच खोलींतून निघून गेल्या!

नवें खातें काढतांना आरंभाचा मुहूर्त सर्वच पाहतात. तें मिटल्यावर त्याच्या दाराशीं उभा असलेला माणूस कोणाकडे जाईल, हें कोणी पाहत नाहीं. आम्हांस हाच खरा प्रश्न वाटतो.

मुलीस आम्हीं सांगितलें, "बाळ, 'डी' म्हणजे विकास, आणि विकास म्हणजे उमलणें." ती क्षणभर विचारांत पडली, व म्हणाली, "आजोबा, मग आमच्या खोलींत उजेड कां येत नव्हता?"

यावर आम्हांसही उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेविला.