नळीची क्लिप आणि तिची पकड

घरांत हत्यारांची पेटी असणें ही एक गोष्ट आणि त्यांतील कोणतें हत्यार कोठें लावावें हें कळणें ही दुसरी. पूर्वीं खिळा, बिजागरी आणि नळाचा वायसर एवढ्यांतच घरगुती दुरुस्ती संपत असे. आतां दारांत मोटार आणि मोरीजवळ धुलाईयंत्र आलें आहे, व दोहोंतही पाणी रबरी नळ्यांतून वाहतें. त्या नळ्यांचीं तोंडें आवळून धरणारी जी पोलादी क्लिप, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

ह्या क्लिपा मुख्यतः तीन जातींच्या असतात. पहिली स्क्रूची. हिला पकड लागतच नाहीं; स्क्रू-ड्रायव्हर किंवा योग्य मापाचा पाना पुरतो. दुसरी एका कानाची. हिचा कान चिमटून बसवितात. काढतांना ती कापावी लागते व पुन्हां उपयोगी पडत नाहीं. तिसरी स्प्रिंगची. हिचीं दोन टोकें कानांसारखीं वर आलेलीं असतात; तीं एकमेकांकडे दाबलीं म्हणजे कडें रुंदावतें आणि सोडलीं म्हणजे नळीस घट्ट बिलगतें.

मोटारींच्या कारखान्यांत पुष्कळ ठिकाणीं ही तिसरीच बसवितात, त्यास कारण आहे. इंजिन तापलें म्हणजे नळी फुगते, निवालें म्हणजे आकसते. वर्षें लोटलीं म्हणजे रबर दबतें. स्क्रूचा साधा पट्टा जेथें आवळला तेथेंच राहतो. स्प्रिंग मात्र नळीच्या मागोमाग जाते. तथापि योग्य पकड जवळ नाहीं म्हणून कित्येक गृहस्थ स्प्रिंगची क्लिप टाकून स्क्रूची लावतात. स्क्रूची क्लिप वाईट असें नव्हे. पण ती वेळोवेळीं तपासावी लागते, आणि तें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. हत्यार नाहीं म्हणून वस्तूच बदलावी, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. त्याचें फळ अंगणांत दिसत नाहीं. मुलांबाळांसह घाट चढतांना दिसतें.

आमच्या स्वयंपाकघरांतील सांडशी हा शब्द संस्कृत ‘संदंश’ शब्दापासून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, १०१ यंत्रें सांगितलीं असून त्यांत संदंश दोन आहेत: एक सनिग्रह, म्हणजे अटकाव असलेला, व दुसरा अनिग्रह, म्हणजे त्यावांचून. शिवाय २४ स्वस्तिकयंत्रांचीं तोंडें निरनिराळ्या पशुपक्ष्यांच्या मुखांसारखीं करावयास सांगितलीं आहेत. तोंड कामास साजेसें असावें आणि जरूर तेथें पकड अडकून राहावी, हींच दोन लक्षणें आज बाजारांत पकड निवडतांनाही पाहावीं.

साध्या पकडीचे जबडे सपाट. ते क्लिपेच्या कानांवर तिरपे बसतात व निसटतात. निसटलेली क्लिप उडून डोळ्यास लागूं शकते. म्हणून जिच्या जबड्यांच्या टोकांस खांचा आहेत व तीं टोकें फिरतीं आहेत अशी पकड घ्यावी; कान कोणत्याही दिशेस असले तरी ती नीट बसते. दाबलेल्या स्थितींत अडकून राहण्याची सोय असेल तर उत्तम. मग हात नळीसाठीं मोकळा होतो. क्लिप अगदीं खोल कोपऱ्यांत असेल, तर सायकलच्या ब्रेकसारख्या तारेनें चालणारी लांब पकडही मिळते.

आतां उपयोगाचा क्रम. इंजिन पूर्ण निवाल्यावांचून क्लिपेस किंवा रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें आणि उसळून भाजतें. डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांस दूर ठेवावें, खालीं भांडें मांडावें. कान दाबून क्लिप नळीवर मागें सरकवावी. नळी चिकटली असेल तर ती हातानें पिळून सोडवावी. तिच्या फटींत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटूं नये, कारण आंतील प्लास्टिकचें तोंड तडकतें. नवी नळी चढविण्यापूर्वीं क्लिप तींत ओंवून ठेवावी. नळी तोंडावरील उंचवट्याच्या पलीकडे जाऊं द्यावी व क्लिप त्या उंचवट्याच्या मागें बसवावी. उंचवट्यावरच बसविली तर ती घसरते. कान अशा बाजूस ठेवावे कीं पुढच्या वेळीं पकड पोहोंचेल. पकड हळूहळू सोडावी. मग कमी झालेलें पाणी भरून इंजिन चालवावें, व गळती नाहीं ना, हें दुरूनच पाहावें.

स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीवर मात्र हा प्रयोग करूं नये. तेथें वितरकाचाच कारागीर बोलवावा. पाणी गळलें तर दिसतें, वायु गळला तर दिसत नाहीं. कोणत्या कामास आपला हात लावावा आणि कोणत्या कामास लावूं नये, हा विवेक हत्यारांच्या पेटींत मिळत नाहीं. तो घरांतील वडील मंडळींनीं तरुणांस शिकवावा.