देवीचे सांगणे

देवाचे बोलावणे आले की माणूस आधी ते टाळतो आणि मग धास्तावून मागे वळतो. पालघर परिसराच्या इतिहासात असे वळणे एकदा सामुदायिक झाले. या परिसराच्या पश्चिमेला पालघरचा किनारा आहे, तर पूर्वेला जव्हारचे डोंगर. १९२२ च्या सुरुवातीला या किनाऱ्यावरील कोळीवस्त्यांत देवीरोगाच्या साथीनंतर बायकांच्या अंगात देवी येऊ लागली. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी वर्ज्य करा, स्वच्छ राहा, असे तिचे सांगणे होते. ते किनाऱ्यावरून डोंगराळ आदिवासी भागात आणि पुढे दक्षिण गुजरातेत पोहोचले. तिथे या देवीला सलाबाई म्हणत. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सुरत जिल्ह्यातील खानपूरजवळ सुमारे दोन हजार आदिवासी तिचा शब्द ऐकायला जमले. आज्ञा मोडली तर अरिष्ट येईल, ही भीती त्यांना होतीच. पण दारूच्या गुत्त्यावर साचणारे कर्ज आणि गुत्तेवाल्याची अरेरावी यांतून सुटण्याची वाटही त्याच आज्ञेत होती. काही काळाने अनेकजण पुन्हा जुन्या सवयींकडे गेले. व्रत पाळणारे ‘वरजेला’ आणि ते सोडणारे ‘सरजेला’ असे दोन तट पडले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या ग्रंथात या चळवळीची सविस्तर नोंद केली. तिच्यावरून एवढे दिसते, की देवाकडे वळणे एका रात्रीत घडू शकते, टिकवावे मात्र रोज लागते.