पात आधी बाईच्या ताटात

हॉटेलांत सूपवर चाइव्ज भुरभुरतात; ती आपल्या कांदापातीचीच बहीण. विकत कशाला? कोंब फुटलेला कांदा बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात लावा. पाचगणीच्या पावसात डबा आडोशाला ठेवा, नाहीतर कांदा कुजतो. दोन बोटं ठेवून पात कापली की पुन्हा फुटते.

झुणक्यात पात शेवटी घाला, वरून लिंबू पिळा. बेसनातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० पैकी ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. नुसत्या पातीने ते भरत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून गोळ्या घ्याच. पण बाईने उरलंसुरलं खायचं, ही रीतही मोडलीच पाहिजे, असं आम्ही म्हणतो.