बाईंचे सकाळचे दोन तास

पहिलीच्या वर्गाला शिक्षक मिळाला नाही तर वऱ्हाडातले गाव शाळेला कुलूप ठोकते, पोरांना घेऊन पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवते. अंगणवाडीत महिनाभर एक गोष्ट सांगितली गेली नाही, एक गाणे झाले नाही, तरी कोणी चकार शब्द काढत नाही. खिचडी शिजली आणि लेकराने खाल्ली, एवढ्यावर पालक समाधानी आणि खातेही समाधानी. वाशीम जिल्ह्यातले, कारंजा तालुक्यातले धनज घ्या किंवा राज्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. अंगणवाडीतली बाई ही मुलाची पहिली शिक्षिका आहे, हे बोलायला सगळ्यांना आवडते. तिने आज काय शिकवले, हे विचारायला मात्र कोणी जात नाही.

ही बाब धनजसारख्या गावात अधिक टोचते, त्याला कारण इथली शेती. पावसाळ्यात निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी, असे बाईमाणसाचे वर्ष वावरात जाते. तीन-चार वर्षांचे लेकरू मग आजीपाशी राहते नाहीतर मोठ्या बहिणीपाशी. अंगणवाडी नीट चालली नाही तर त्या लेकराचे नुकसान होतेच, शिवाय त्याला सांभाळायला म्हणून तिसरी-चौथीतल्या बहिणीचीही शाळा बुडते. मुलींच्या गळतीवर अहवाल लिहिणाऱ्यांनी शाळेच्या हजेरीपटाबरोबर शेजारच्या अंगणवाडीची हजेरीही पाहावी.

मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले आहे. त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत स्तर मानला. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एक टप्पा. कागदावर हे उत्तमच आहे. गावात जाऊन पाहिले तर एकाच आवारात या टप्प्याचे दोन तुकडे दिसतात. जिल्हा परिषदेच्या खोलीत सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारे गुरुजी पदविकाधारक, वेतनश्रेणीतले, शिक्षण खात्याचे. पलीकडच्या खोलीत पाच वर्षांच्या मुलांना शिकवणारी बाई महिला व बालविकास खात्याची, मानधनावरची आणि कायद्याच्या भाषेत ‘मानसेवी’. मूल जूनमध्ये एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाते, पण त्याला काय येते आणि काय येत नाही याची माहिती त्याच्याबरोबर जाईलच, अशी खात्री कोणी देत नाही.

घटनेनेही ही रेघ ओढून ठेवली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी अनुच्छेद ४५ मध्ये राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ अशीच भाषा आहे. मुलाला हक्क नाही म्हटल्यावर त्याला शिकवणारीला दर्जा कुठून मिळणार?

आपल्याकडे हे काम कसे करावे याची समज नव्हती, असे नाही. लग्नानंतरची काही वर्षे अमरावतीत काढलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात उतरल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ पहिल्यापासून सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने तिथल्या आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. मुलाला आंघोळ घालण्यापासून गोष्ट सांगण्यापर्यंत सारे एकाच शिक्षिकेचे काम होते आणि त्यातले कोणतेही काम दुय्यम नव्हते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये शालापूर्व शिक्षण पहिल्या दिवसापासून आहे. पन्नास वर्षांत आहार, लसीकरण, वजन यांचे हिशेब पक्के झाले, कारण ते मोजता येतात. शिक्षण मोजण्याची कोणाला घाई नव्हती, म्हणून ते मागे राहिले.

या वयाच्या शिक्षिकेचे काम नेमके काय, याबद्दल गावात आणि शहरातही मोठा गैरसमज आहे. चार वर्षांचे मूल तुरीचे आणि मुगाचे दाणे वेगळे करते, तेव्हा ते वर्गीकरण शिकत असते, आणि चिमटीत दाणा धरताना त्याची बोटे दोन वर्षांनी येणाऱ्या पेन्सिलीची तयारी करत असतात. मातीत बोटाने रेघोट्या ओढणे, मणी ओवणे, पिठाचे गोळे वळणे हा सारा लिहिण्याआधीचा अभ्यास आहे. एकच गोष्ट पाच दिवस पुन्हा सांगितली की सहाव्या दिवशी मूल पुढचे वाक्य स्वतः बोलते, आणि वाचनाची सुरुवात तिथून होते. कोणते पोर गप्प बसते, कोणाला हाक ऐकू जात नाही, कोणाचे वजन दोन महिने हलले नाही, कोण आज अचानक चिडचिडे झाले आहे, हे तिने पाहायचे असते. पंचवीस मुलांच्या गोंधळात हे पाहता येणे ही कसबाची गोष्ट आहे. ती मायाळू असावी हे खरेच, पण केवळ मायाळू असून भागत नाही. ‘बायकांना उपजतच येते’ असे म्हणून आपण हे कसब फुकटात जमा धरले आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक. धनजच्या परिसरातले मूल घरून ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ घेऊन येते. वाशीम हा बंजारा समाजाच्या पोहरादेवीचा जिल्हा. तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलत येते आणि पुस्तकी मराठी त्याला पहिल्यांदा अंगणवाडीतच भेटते. त्याच्या तोंडचा शब्द पहिल्याच दिवशी चुकीचा ठरवला तर ते बोलणेच थांबवते, आणि मग आपण त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. इथे गावातलीच बाई नेमण्याच्या नियमाचे मोल कळते. तिला मुलाची बोली कळते, त्याची आजी माहीत असते. बाहेरून आलेल्या पदवीधराला ही पुंजी मिळवायला काही वर्षे लागतील.

आणि नेमकी हीच पुंजी पालकांना दिसत नाही. त्यांना दिसते ती कारंजाकडे जाणारी पिवळी गाडी. टाय लावलेले साडेतीन वर्षांचे पोर ‘कॉन्व्हेंट’मध्ये जाते, महिनाभरात ए टू झेड म्हणून दाखवते आणि पाहुण्यांपुढे उभे केले जाते. शेतमजुरी करणारे आईबापही पोटाला चिमटा काढून ही फी भरतात. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण अंगणवाडीत शिकवणे होते आहे हे त्यांना कोणी दाखवलेच नाही. पण पाठ केलेली अक्षरे म्हणजे शिक्षण नव्हे, आणि न वळणाऱ्या बोटांकडून अर्धा अर्धा तास लिहून घेणे ही त्या वयाला शिक्षाच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब घरांतल्या १२३ मुलांपैकी काहींना खेळातून, स्वतः बेत आखून शिकण्याची बालशाळा मिळाली, काहींना नाही. संशोधक त्यांच्या मागे चाळिशीपर्यंत गेले. बालशाळेतल्या मुलांचे शालेय शिक्षण, कमाई आणि वागणूक उजवी निघाली. पहिल्याच वर्षी पाहुण्यांपुढे काही म्हणून दाखवण्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

आता या शिक्षिकेची सकाळ पाहा. २०२१ पासून नोंदींसाठी केंद्राचे पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आहे. त्यात आधी मराठीच नव्हती; राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे घरपोच आहारासाठी लाभार्थींच्या चेहऱ्याची ओळख पटवण्याची अट आली. रेंज नसेल तर बाई फोन उंच धरून अंगणात फिरणार आणि आत मुले वाट पाहणार. निवडणूक आली की मतदार यादीचे काम, कुठले सर्वेक्षण निघाले की घरोघरी फेरी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला सरकारला हीच बाई आठवली, अर्जामागे ५० रुपये ठरले. पुढे त्याच अर्जांची पडताळणी करण्याची वेळ आली तेव्हाही तिचेच दार ठोठावले गेले. प्रत्येक खात्याला ती अर्ध्या तासासाठी हवी असते. सगळ्यांचे अर्धे तास मिळून तिचा दिवस संपतो.

पैशाचे बोलायचे तर केंद्राने सेविकेचे मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजारांवर नेले आणि २०२५ उजाडले तरी तिथेच ठेवले. राज्याने आपली भर घातली. पण डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असे ५२ दिवस दोन लाखांच्या आसपास सेविका-मदतनीस संपावर होत्या तेव्हा सेविकेला दहा हजार आणि मदतनिसेला साडेपाच हजार मिळत होते. २०२४ च्या ऑक्टोबरात सेविकेचे तेरा हजार झाले, वर दोन हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचे सांगितले आणि त्यांच्या सेवाशर्ती सुधारण्याकडे सरकारांचे लक्ष वेधले. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देण्याचे २०२० च्या धोरणाने कबूल केले होते. २०२३ मध्ये केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि सेविकेच्या वाट्याला तीन दिवसांचे प्रशिक्षण आले. तीन दिवसांत बालशिक्षण शिकवणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यावी लागेल.

हे सारे मान्य करूनही दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण सहानुभूतीच्या नावाखाली आपण या बाईला जबाबदारीतूनही सूट देतो. शिकवणे मदतनिसेवर सोपवून दिवसभर रजिस्टरात डोके घालणारी केंद्रे आहेत. तक्त्यावरची फळांची नावे छडी फिरवून कोरसात म्हणवून घेणे यालाच शिक्षण समजणारी केंद्रे आहेत. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम हाताशी आहे, केंद्राचा ‘आधारशिला’ही आला. तो उघडून आठवड्याची तयारी करणे, महिन्यातून एकदा पालकांना बसवून त्यांच्या मुलाने काय केले ते दाखवणे, वावरातून उशिरा येणाऱ्या आईशी दारात दोन शब्द बोलणे हे तिचे कर्तव्यच आहे. जिला शिक्षिकेचा मान हवा तिने शिक्षिकेचा हिशेबही दिला पाहिजे. बहुतेकींची त्याला तयारी आहे. तो मागणारेच नाहीत. पर्यवेक्षिका येते, तिच्या भेटीचा बराच वेळ साठा, वजने आणि ऑनलाइन नोंदींत जातो.

वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिवच्या बरोबरीने. त्या कार्यक्रमाच्या गुणपत्रिकेत आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन आहे आणि शिक्षणालाही ३० टक्के. अंगणवाडीला स्वतःची इमारत आहे का, हे त्यात मोजले जाते. त्या इमारतीत सकाळी काय चालते, हेही मोजायला जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही. वेतनाचा आणि दर्जाचा प्रश्न मुंबई-दिल्लीत सुटेल तेव्हा सुटेल. त्यासाठी संघटना भांडत आहेत आणि त्यांनी भांडलेच पाहिजे. जिल्ह्याच्या हातात एक गोष्ट मात्र आजही आहे. सकाळचे दोन तास सेविकेला कोणत्याही खात्याने फोन करायचा नाही, बैठकीला बोलवायचे नाही, नोंद मागायची नाही, असा लेखी आदेश काढावा. ऑनलाइन नोंदी दुपारी होतील, योजनांचे अर्ज ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक भरेल. पर्यवेक्षिकेच्या भेटीच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: मी पोहोचले तेव्हा बाई मुलांबरोबर होत्या की फोनबरोबर, आणि मुले काय करत होती. धनजच्या ग्रामसभेनेही हाच प्रश्न आपल्या गावापुरता विचारायला हरकत नाही. वर्षभरात आलेली उत्तरे जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावीत, खिचडीच्या हिशेबाच्या आधी.