व्हिजिटिंग कार्डाच्या पलीकडे

अप्रेझलचा मेल येतो, रेटिंग अपेक्षेपेक्षा कमी. त्या रात्री झोप लागते का कुणाला? 'आपण काही कामाचे नाही' ही कॅसेट डोक्यात सुरू होते ती थांबतच नाही. त्यात 'बी पॉझिटिव्ह' म्हणणारे मेसेज... डोक्याला शॉट!

हेन्री नाउवेन या डच कॅथलिक धर्मगुरूंच्या डोक्यातही हीच कॅसेट वाजायची. आणि माणूस कोण, तर येल, हार्वर्डमध्ये शिकवलेला, पुस्तकं धडाधड खपणारा. बायोडेटा एकदम झकास. तरी आपण लोकांना हवेसे वाटतो की नाही, ही धास्ती कायम.

१९८६मध्ये ते टोरांटोजवळच्या 'डेब्रेक' इथे राहायला गेले. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांचे सोबती तिथे एकत्र राहतात. नाउवेन यांच्याकडे आला ॲडम. बोलता न येणारा, फिट्स येणारा तरुण. त्याला रोज सकाळी उठवायचं, अंघोळ घालायची, दाढी करायची, खायला द्यायचं. जवळपास दोन तास. ॲडमला हार्वर्डशी काय घेणंदेणं? व्हिजिटिंग कार्डाची किंमत झीरो!

मग सगळं मस्त झालं? छे. १९८७च्या अखेरीस एक जवळची मैत्री तुटली आणि नाउवेन पार कोसळले. काही महिने डेब्रेकपासून दूर, दोन मार्गदर्शकांच्या आधाराने राहिले. (प्रवचनांत हा भाग सहसा गाळतात. का, कोण जाणे.)

त्यांना तारलं ते बायबलमधल्या एका प्रसंगाने. बाप्तिस्मा घेऊन येशू यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशवाणी त्याला 'प्रिय पुत्र' म्हणते. टायमिंग बघा! तोवर ना एक प्रवचन झालंय, ना एक चमत्कार. परफॉर्मन्सच्या आधीच पसंती! नाउवेन यांचं म्हणणं, देव तुम्हाआम्हालाही याच नावाने हाक मारतो. आपण म्हणजे आपलं काम, कमाई किंवा लोकांचं मत नव्हे. त्यामुळे नको ते विचार आले की त्यांच्याशी भांडत बसायचं नाही. प्रार्थनेत शांत बसून ती हाक पुन्हा ऐकायची. तीही रोज, कारण दुपारच्या मीटिंगपर्यंत विसरायला होतंच.

हे सगळं त्यांनी १९९२च्या 'लाइफ ऑफ द बिलव्हेड'मध्ये मांडलं. न्यूयॉर्कच्या एका पत्रकार मित्राचा आग्रह होता, देवाधर्मात न रमणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी काहीतरी लिही. मित्राने वाचलं आणि स्पष्ट सांगितलं, नाही जमलं. म्हणजे इथेही रेटिंग कमीच! नाउवेन यांनी पुस्तक छापलं आणि मित्राचं ते मत शेवटच्या पानांत लिहून टाकलं.