दोर किती ताणावा?

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये ‘स्टॅनेज एज’ नावाची कित्येक किलोमीटर लांबीची कातळकड आहे. तिच्यावरील ‘राइट अनकॉन्करेबल’ ही वाट उंचीने फार मोठी नाही. परंतु चढणाऱ्याच्या पाठीशी केवळ मोकळी हवा असते. १९४९ मध्ये जो ब्राउन यांनी ती प्रथम सर केली.

या पारंपरिक प्रस्तरारोहणात खडकात आधीपासून ठोकलेले खिळे नसतात. पुढे चढणारा स्वतःच भेगांमध्ये धातूच्या पाचरी बसवतो, ओढून पारखतो आणि त्यांत दोर अडकवतो. शेवटच्या पाचरीच्या दोन मीटर वर असताना हात सुटला, तर तो किमान चार मीटर खाली येतो. पायथ्याशी उभा असलेला सोबती दोर सांभाळतो. दोर ताणून धरला, तर चढणाऱ्याचा तोल जातो. फार सैल सोडला, तर पडण्याचे अंतर वाढते. मात्र सोबती त्याला वर ओढत नाही.

ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे नाते ध्यानी घ्यावे. एकदा पडलेल्या आईला आपण मायेने म्हणतो, “तू उठू नकोस, मी आणून देतो.” परंतु हालचाल थांबली की पायांतील शक्ती घटते, आत्मविश्वास खचतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हा ताणलेला दोर होय. तोल जात असूनही ओल्या न्हाणीघरात एकटे जाऊ देणे, हा सैल दोर.

चालताना दंड धरून ओढू नये. अशक्त बाजूला, किंचित मागे राहावे. जिना उतरताना सोबत्याने एक पायरी खाली असावे. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा असावा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे.

ज्येष्ठांनीही चढणाऱ्याचा नियम पाळावा: आधार पारखल्याखेरीज त्यावर भार टाकू नये आणि एका वेळी एकच हात किंवा पाय हलवावा. ख्रिस बॉनिंग्टन यांनी स्कॉटलंडचा ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा सागरी सुळका १९६६ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना सर केला. दुसऱ्या वेळी त्यांच्या दोराचे टोक तरुण सोबत्याच्या हाती होते. सोबत घेण्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षभरात पडणे झाले असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर वैद्यकीय तपासणी लांबवू नये. चालू औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी.